प्रोस्टेटचं ऑपरेशन : घाई नको

उमापूरसारख्या गावात अब्बांच्या रिपोर्टवर ‘कॅन्सर’ दिसला की घर हादरतं. पण ग्लिसन 6 असलेला, ग्रंथीपुरताच मर्यादित प्रोस्टेट कॅन्सर बहुधा सावकाश वाढतो. असा मर्यादित कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांवर ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ अभ्यास झाला. 15 वर्षांनंतर ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती देखरेख, तिन्ही गटांत या कॅन्सरनं दगावलेले साधारण 2 ते 3 टक्केच होते.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी मात्र 46 टक्के जणांना लघवी गळत असल्यानं पॅड लागत होते. पुढे हे कमी होतं, पण सगळ्यांचं थांबत नाही. पती-पत्नीच्या संबंधांवरही परिणाम होतो. लघवी सतत गळत असेल, तर हनफी फिकहनुसार प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वुजू पुरतो. म्हणून नमाज सोडू नये.

डॉक्टरांना आधी विचारा, ‘देखरेख चालेल का?’ देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. पीएसए आणि सांगितलेली बायोप्सी वेळेवर व्हायलाच हवी.