पदवी आणि पहिला पगार

घरांतील मुलगा पदवीधर झाला कीं पेढे वाटले जातात, आणि त्याच रात्रीं पंगतींत त्याच्या नोकरीची गोष्ट निघते. काका ओळखीच्या गृहस्थांकडे शब्द टाकतात, पुण्याची आत्या माडीवरची खोली देऊं करते. पहिला पगार हातीं येईपर्यंतच्या खर्चाचा विचारही कोणाच्या मनांत येत नाहीं. पुढें या सगळ्यास आपण चिरंजिवांचें कर्तृत्व म्हणतों, ती गोष्ट निराळी!

ही सोय किती मोलाची, तें नाशिक जिल्ह्यांतील पेठ तालुक्याकडे पाहिलें म्हणजे कळतें. सावळघाटापलीकडला, गुजरातच्या सरहद्दीस लागलेला हा डोंगराळ मुलूख बहुतांशीं आदिवासी आहे. भात-नागलीचें पीक पावसावर. तें निघालें कीं पुष्कळ कुटुंबें दिंडोरी-निफाडकडे द्राक्षमळ्यांत मजुरीस जातात. पेठेस आतां महाविद्यालय आहे; पण कारखाने सातपूर-अंबडला, सुमारें ५० किलोमीटर दूर. तेथें राहावयाचें तर खोलीची अनामत आणि खाणावळीचे पैसे आधीं मोजावे लागतात. पगार मात्र महिना भरल्यावर! शिवाय घरच्या मजुरींतला एक हात कमी होतो. हुशारी असूनही गाडें अडतें तें याच एका महिन्यापाशीं.

राज्य सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकावाल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरलें. सहा महिन्यांची मुदत २०२५ सालीं अकरा महिन्यांवर नेली. हेतु चांगला होता. परंतु अनेक उमेदवार सरकारी कचेऱ्यांत बसविले गेले, आणि तेथील कायम जागा अशा उमेदवारीनें मिळत नाहीं. मुदत सरल्यावर हातीं प्रमाणपत्र राहिलें.

मला १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याचा मार्ग अधिक पसंत आहे. तीस वा अधिक माणसें असलेल्या आस्थापनेनें शेंकडा अडीच ते पंधरा शिकाऊ घ्यावे, असा २०१९ पासून नियम आहे. नोकरीची हमी येथेंही नाहीं. पण मुलाचा हात यंत्रावर बसतो आणि मालकास तो हात पारखतां येतो.

आपल्या वाचकांपैकीं कोणाचा सातपुरास कारखाना असल्यास, पेठेचा मुलगा घेतांना त्याची राहण्याची सोय काय, एवढें विचारावें. आणि पहिल्या महिन्यापुरतें तरी विद्यावेतन पंधरवड्यानें द्यावें.