अंधत्वाचा वारसा

नांदेड-लातूरकडे मामाच्या मुलीशी विवाह झाला की शेत व सोने घरातच राहते. हा हिशेब अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही पटण्याजोगा आहे. परंतु उभयतांकडे एकच सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्याला दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार होण्याची शक्यता 25 टक्के असते, हे त्यात कोणी धरीत नाही. तिन्हीसांजेला ठेचाळणाऱ्या मुलाला गाजरे चारली जातात. धाकट्या बहिणीचे डोळे मात्र तपासले जात नाहीत. तिचे लग्न व्हावयाचे असते ना! 1976 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर मोतीबिंदूवर राहिला. अमेरिकेत 2017 साली मान्य झालेल्या जनुकोपचाराची किंमत साडेआठ लाख डॉलर होती, तीही एकाच जनुकापुरती. तेव्हा शिबिरात असा एक रुग्ण आढळताच त्याच्या सर्व भावंडांची तपासणी झालीच पाहिजे. दिसते आहे तोवर पुढचे शिक्षण आणि सोयरीक, दोन्ही ठरविता येतील.