रुग्णालयाबाहेरचे वार्धक्य

सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु हे संरक्षण रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. वार्धक्यातील कितीतरी दुखणी मात्र घरातल्या खाटेवर, संकोचापोटी पांघरुणाखाली झाकलेली राहतात.

मलमूत्रावरील ताबा सुटलेल्या वृद्धांना जडणारा त्वचादाह हे त्यांपैकीच एक. लघवीतील युरियापासून अमोनिया तयार होतो, त्वचेची नैसर्गिक आम्लता घटते आणि मग मलातील पाचक द्रव्ये अधिक जहाल ठरतात. कातडी सोलवटते, आग होते, बुरशीचा संसर्ग होतो आणि शय्याव्रणांचा धोका वाढतो. सावळ्या त्वचेवर आरंभीची लाली सहज दिसत नाही, त्यामुळे दुखणे लक्षात येईपर्यंत उशीर होतो.

वास्तविक याचा प्रतिबंध साधा आहे. ओले वस्त्र वेळेवर बदलावे, तीव्र साबण टाळून सौम्य द्रवाने स्वच्छता करावी, न घासता टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. मात्र हे दिवसातून अनेकदा करावे लागते. ते करणारी बहुधा घरातील सून, मुलगी किंवा स्वतःच थकलेली पत्नी असते आणि तिला ते कोणी शिकवलेले नसते. डायपरवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हा दिलासा खरा. पण वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ८० वर्षांखालील व्यक्तीसाठी महिन्याला अवघा २०० रुपये आहे. त्यात महिनाभराचे डायपर येत नाहीत.

केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले आणि पंचायतींच्या साहाय्याने परिचारिका रुग्णांच्या घरी पोहोचवल्या. इतर राज्यांनाही नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१० पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत वृद्धसेवा व उपशामक सेवा अंतर्भूत आहेत. अंथरुणाला खिळलेल्यांच्या त्वचेची गृहभेटीत तपासणी, संरक्षक मलम व डायपर यांचा मोफत पुरवठा आणि घरच्या काळजीवाहकाला प्रात्यक्षिकासह प्रशिक्षण, एवढे या चौकटीत बसवता येईल. मात्र हे काम आशा सेविकांवर सोपवायचे, तर त्याचा रास्त मोबदलाही द्यावा लागेल.

हा खर्च वायफळ नाही. आज मलमाला पैसे नाहीत म्हणून उद्या चिघळलेल्या जखमेसाठी खाट द्यावी लागते. जखम रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची वाट पाहणारे संरक्षण वृद्धांना वेदनादायक ठरते, तसेच सरकारी तिजोरीलाही ते महाग पडते.