सरपंचांच्या हाती तो अधिकार द्या

राज्यातील व देशातील कबड्डी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांस खुले पत्र

नाशिक

पदाधिकारी महोदय,

निवेदने झाली, स्मरणपत्रे झाली, एका स्पर्धेच्या संयोजकांच्या दफ्तरी दाखल केलेल्या दरखास्तीवर ‘पाहतो’ असा तोंडी शेराही मिळाला. त्यापुढे कागद हलला नाही, म्हणून आता हे चारचौघांत लिहीत आहे. प्रकरण आपणांस ठाऊक आहे. सामना चालू असता ज्या खेळाडूच्या डोक्यास मार बसला, त्यास त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू न देण्याचा अधिकार, आणि अधिकाराहूनही महत्त्वाचे म्हणजे ते कर्तव्य, कोणाकडे आहे, एवढाच आमचा प्रश्न होता आणि आहे.

गेल्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातील एका गावी प्रकाशझोतातील स्पर्धेत जे पाहिले ते येथे नोंदवितो. कोपरारक्षकाने घोटा धरला, साखळीतील दोघे अंगावर आले, आणि मध्यरेषेकडे झेपावलेला चढाईपटू मागे खेचला जाऊन त्याचे डोके, कानाच्या किंचित वर, दुसऱ्याच्या गुडघ्यावर असे आदळले की ध्वनिक्षेपकाच्या गदारोळातही पहिल्या रांगेस तो आवाज ऐकू आला. खेळ थांबला; कोणी डोक्यावर पाण्याची बाटली रिती केली, कोणी मानेवर फवारा मारला, कोणी पाठीवर थाप दिली; मुलगा उठला, टाळ्या पडल्या, आणि निवेदकाने त्याच्या जिगरीची तारीफ केली. पुढच्या चढाईत त्याच्या तोंडून दम नीट उमटेना, शब्द अर्ध्यावर तुटू लागला. पंचांनी नियमाप्रमाणे त्यास परत पाठवून प्रतिपक्षास गुण दिला, आणि परतताना तो भलत्याच अंगणात जाऊन उभा राहिला. लोक हसले. बाकावर बसल्यावर, गुणफलक डोळ्यांसमोर असताना, गुण किती झाले हे तो शेजाऱ्यास पुनःपुन्हा विचारीत होता. त्या रात्री त्याच्या संघाचा आणखी एक सामना होता, आणि तो त्यातही खेळला. पहाटे त्यास उलट्या झाल्या, तेव्हा जेवण बाधले असे ठरले.

त्या मैदानावर दुष्ट माणूस एकही नव्हता. पंच नियम जाणणारे होते, प्रशिक्षक पोटच्या पोरासारखे मुलांकडे पाहणारे होते, रुग्णवाहिकाही उभी होती. नव्हता तो फक्त असा एक जण, ज्याने ‘हा मुलगा आज पुन्हा खेळणार नाही’ एवढे म्हणावे आणि ज्याच्या शब्दावर कर्णधारास, संयोजकास व खुद्द त्या मुलासही दाद मागता येऊ नये.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे येथे संदिग्ध नाही. डोक्यास मुका मार बसला म्हणजे कवटी फुटलीच पाहिजे असे नाही, रक्त आलेच पाहिजे असे नाही, शुद्ध हरपलीच पाहिजे असेही नाही. बहुसंख्य प्रसंगी ती हरपतच नाही. कवटीच्या आत मेंदू हिसका खातो, त्याच्या पेशींचा व्यवहार काही काळ विस्कळीत होतो, आणि सीटी स्कॅन काढला तर तो बहुधा निर्दोष येतो. विसर पडणे, तोल जाणे, प्रकाश सहन न होणे, तेच ते विचारणे, मळमळणे ही त्याची लक्षणे होत, आणि ती ओळखण्यास न्यूरोसर्जन लागत नाही. धोका पहिल्या माराहून दुसऱ्यात अधिक असतो. पहिला भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूस अकस्मात सूज येऊन मृत्यू ओढवल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद या विषयावर २००१ साली व्हिएन्नात प्रथम भरली आणि २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला पुन्हा भरली. संशय येताच खेळाडूस बाहेर काढावे, त्या दिवशी परत घेऊ नये, आणि पुढे पायरी-पायरीने, एकेका पायरीस निदान चोवीस तास देऊन, खेळाकडे आणावे, हे तिचे सांगणे आहे. आपल्याकडे एका रात्रीत एका संघाचे दोन-दोन, तीन-तीन सामने लागतात.

आता ज्यांनी हा प्रश्न टाळला त्यांचे काय झाले ते पाहावे, कारण आपला खेळही त्यांच्याप्रमाणे व्यवसाय झाला आहे. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगने १९९४ साली मेंदूच्या आघातांचा अभ्यास करण्यास समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी सांधेदुखीचे वैद्य बसविले. ती समिती वर्षानुवर्षे दीर्घकालीन अपाय नाही असेच लिहीत राहिली. २००२ साली माइक वेबस्टर हा नामांकित खेळाडू वयाच्या पन्नाशीत, मनाने पार उद्ध्वस्त होऊन वारला. पिट्सबर्गमध्ये बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांनी त्याच्या मेंदूत झीज शोधली आणि २००५ साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा लीगच्या समितीतील वैद्यांनी तो लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. अपाय होतो अशी कबुली यायला २००९ चा डिसेंबर उजाडला. मग साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडूंचे दावे, २०१३ साली ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड, पुढे त्या रकमेची मर्यादाही काढून टाकावी लागली आणि देणे एक अब्ज डॉलरच्या वर गेले. बोस्टनच्या संशोधकांनी २०१७ साली या लीगमधील १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांपैकी ११० मध्ये तीच झीज आढळली. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, आणि ज्यांना शंका होती तेच दान करतात, म्हणून हे प्रमाण सरसकट लावता येणार नाही हे मी जाणतो. तरी १११ पैकी ११० ही संख्या वाचून ज्यास झोप लागेल त्याने खेळाडूंचा कारभार पाहू नये.

त्या लीगने पुढे जे केले तेही पाहण्याजोगे आहे. शिरस्त्राण तर तेथे पूर्वीपासूनच होते. ते कवटी वाचविते, आत हिसका खाणारा मेंदू वाचवीत नाही. फरक पडू लागला तो नियम बदलल्यावर: २०११ साली किक-ऑफची जागा पुढे आणून वेगाने धावत येऊन होणाऱ्या टकरा कमी केल्या, २०२४ मध्ये ती रचनाच पालटली, सरावातील धडकांवर मर्यादा घातली, मैदानावर संघाच्या पगारावर नसलेले मेंदूतज्ज्ञ उभे केले, आणि २०२२ मध्ये एका नामवंत खेळाडूच्या प्रकरणानंतर तोल गेलेला दिसला की त्या दिवशी खेळ बंद असे ठरविले. क्रिकेटनेही, २०१४ साली चेंडू लागून फलंदाज फिलिप ह्यूज गेल्यावर का होईना, १ ऑगस्ट २०१९ पासून कन्कशनचा, म्हणजे मेंदूस हिसका बसलेल्याच्या जागी, बदली खेळाडू मान्य केला, आणि २०२५ मध्ये अशा खेळाडूस किमान सात दिवस बाहेर ठेवण्याची अट घातली.

क्रिकेटला त्यासाठी बदली खेळाडूविषयीचा शतकाहून जुना नियम मोडावा लागला. आपणांस काय मोडावे लागणार आहे? अंगणात सात आणि बाकावर पाच राखीव ही व्यवस्था कबड्डीच्या नियमपुस्तकात आहेच. बदललेला खेळाडू परतही येऊ शकतो. धोकादायक पकड, कैचीसारखा पेच यांस मनाईही आहेच. संघाचे बळ एकानेही कमी न होता जखमी मुलास बाहेर काढता येईल अशी सोय ज्या खेळात आयती पडून आहे, त्या खेळात ती न वापरली जाणे याचा खुलासा आपण काय करणार आहात?

पैसा नाही असे म्हणू नये. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, त्यानंतर चारच वर्षांत फझल अत्राचलीवर यू मुंबाने एक कोटीची बोली लावली; २०२३ च्या लिलावात मोहम्मदरेझा शादलूईसाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले, आणि पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजारांस गेला. याच पवनचा गुडघा २०२२ च्या हंगामात पहिल्याच सामन्यात दुखावला तेव्हा साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली, आणि तो हंगामभर बाहेर बसला, हे योग्यच झाले. गुडघा सुजतो, खेळाडू लंगडतो, म्हणून त्याची दखल घेतली जाते. मेंदूस सूज आली तर ती कोणास दिसत नाही, म्हणूनच तेथे नियम लागतो. आणि कोट्यवधींच्या लिलावाकडे डोळे लावून सिन्नर, दिंडोरी, येवल्याच्या मैदानांवर जी मुले घुमत आहेत, त्यांच्या डोक्याची किंमत कोणत्या तक्त्यात लिहिली आहे?

वेळ नव्हता असेही म्हणू नये. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय महासंघाचा कारभार प्रशासकाकडे सोपविला. तो निवडून आलेल्या मंडळास परत देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०२५ च्या फेब्रुवारीत द्यावा लागला. खुर्च्यांच्या मालकीसाठी सुमारे सात वर्षे पुरली, आणि एका परिपत्रकासाठी एक दुपार मिळू नये, हा निष्काळजीपणा आहे असे मी स्पष्ट म्हणतो.

मी ज्या शहरात राहतो तेथे १५ ऑगस्ट २०२१ पासून हेल्मेट नसणाऱ्यास पेट्रोल देऊ नये असे फर्मान पोलीस आयुक्तांनी काढले होते. त्याच्या कायदेशीरपणावर वाद घालणारे घालोत. डोके ही सार्वजनिक काळजीची बाब आहे हे तत्त्व त्यात होते. चढाईपटूस हेल्मेट घालता येत नाही. त्याचे रक्षण फक्त शिट्टीने होऊ शकते.

म्हणून मुख्य मागणी एकच आहे आणि तीत तडजोड नाही. डोके आदळलेल्या किंवा वर सांगितलेली लक्षणे दिसलेल्या खेळाडूस त्या दिवसापुरते बाहेर पाठविण्याचा अधिकार सरपंचांस, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांस, द्यावा, तो वापरणे त्यांच्यावर बंधनकारक करावे, आणि त्याविरुद्ध कोणाचेही अपील चालू नये. किशोर व कुमार गटांत वैद्यकीय दाखल्यावाचून तो मुलगा पुढच्या सामन्याच्या यादीत येऊ नये. पंचांच्या शिबिरात ही लक्षणे शिकवावीत. असा नियम आपल्याकडे आधीच असेल तर तो कोणत्या कलमात आहे ते जाहीर करावे, म्हणजे तालुक्याच्या पंचास तो दाखविता येईल.

आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रशिक्षकांनी परिपत्रकाची वाट पाहू नये. डोक्यास मार बसलेला मुलगा, तो कितीही ‘मी बरा आहे’ म्हणो, त्या दिवशी बाकावरच बसवावा; रात्री त्यास एकटा सोडू नये; डोकेदुखी वाढली, पुन्हा उलटी झाली, झापड येऊ लागली किंवा बोलणे अडखळले, तर अंगारा-धुपारा आणि घरगुती लेप न करता त्यास तडक रुग्णालयात न्यावे.

कळावे,
नाशिक जिल्ह्यातील एक कबड्डीप्रेमी