शुक्राचा ताप, मंगळाची धूळ आणि चंद्रपूरची हवा

केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी भारताच्या पहिल्या शुक्रमोहिमेस मंजुरी दिली. १,२३६ कोटी रुपये खर्चाची ही मोहीम मार्च २०२८ मध्ये प्रक्षेपित करण्याचे नियोजन असून, शुक्राभोवती फिरणारे यान त्या ग्रहाचा पृष्ठभाग, त्याखालील थर आणि वातावरण यांचा अभ्यास करणार आहे. या साऱ्या खटाटोपामागील प्रश्न मात्र साधा आहे. आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा असलेला हा ग्रह भट्टीसारखा का झाला? हा प्रश्न बेंगळुरूच्या प्रयोगशाळांइतकाच चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचाही आहे, असे म्हटल्यास ती वरकरणी अतिशयोक्ती वाटेल. परंतु ज्या द्रव्यांच्या वाटणीवर शेजारच्या ग्रहांचे भवितव्य ठरले, ती कार्बन, गंधक आणि लोह ही द्रव्ये याच दोन जिल्ह्यांच्या भूमीतून आज मोठ्या प्रमाणावर बाहेर काढली जात आहेत. त्यांचे काय करायचे, याविषयीचे काही महत्त्वाचे निर्णय गेल्या दोन-तीन वर्षांत झाले आणि काही अद्याप व्हावयाचे आहेत. म्हणूनच ग्रहविज्ञानाच्या चष्म्यातून झाडीपट्टीकडे पाहणे उद्बोधक ठरते.

एकाच द्रव्याचे तीन ग्रह

शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे तिन्ही खडकाळ ग्रह एकाच तेजोमेघातून, साधारण सारख्याच कच्च्या मालातून घडले. शुक्राचा व्यास पृथ्वीच्या ९५ टक्के, तर मंगळाचा जेमतेम निम्मा आहे. आज या तिघांची अवस्था किती वेगळी आहे! शुक्राच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे ४६४ अंश सेल्सिअस आहे. शिसे त्याहून कितीतरी कमी तापमानाला वितळते. तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून अधिक, म्हणजे समुद्रात सुमारे ९०० मीटर खोलीवर असतो तेवढा. सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-१३ हे यान १ मार्च १९८२ रोजी तेथे उतरले आणि १२७ मिनिटे तग धरू शकले. हाच विक्रम मानला जातो. मंगळावर नेमकी उलट स्थिती. तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आणि सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास.

विशेष म्हणजे दोन्ही ग्रहांच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जवळजवळ सारखेच, पंचाण्णव टक्क्यांच्या घरात आहे. फरक आहे तो एकूण साठ्याचा. मंगळाजवळ हवेची गोधडी इतकी विरलेली की तिची ऊब नगण्य. शुक्राजवळ ती इतकी जाड की आत शिरलेली उष्णता सहजी बाहेर पडत नाही. शुक्रावरील ढग सूर्यप्रकाशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परतवून लावतात. सूर्याच्या अधिक जवळ असूनही तो ग्रह पृथ्वीपेक्षा कमी सौरऊर्जा शोषतो आणि तरीही होरपळतो. तापमान केवळ सूर्याच्या अंतरावर नव्हे, तर हवेच्या घडणीवर ठरते, याचा याहून ठळक पुरावा सूर्यमालेत दुसरा नाही.

मंगळाने आपली हवा गमावली कशी, याचेही उत्तर बऱ्याच अंशी हाती आले आहे. लहान आकारामुळे त्याचा गाभा लवकर थंडावला, ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी मावळले आणि सौरवाऱ्याने वातावरणाचे थर हळूहळू उडवून नेले. अमेरिकेच्या मॅव्हेन यानाने २०१४ पासून ही गळती प्रत्यक्ष मोजली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या भारताच्या मंगळयानानेही तेथील बाह्य वातावरणाच्या नोंदी घेतल्या.

हवेच्या या कवचाचे मोल चंद्रपूर जिल्ह्याने अलीकडे डोळ्यांनी पाहिले आहे. २ एप्रिल २०२२ च्या रात्री आकाशातून ज्वाळांची रांग सरकताना दिसली आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे, तर पवनपार परिसरात एक गोळा सापडला. चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. अनेक टनांच्या त्या सांगाड्यापैकी जमिनीवर पोहोचले ते थोडके तुकडे. उरलेले हवेच्या घर्षणात जळून गेले. मंगळाला असे संरक्षण नाही. २४ डिसेंबर २०२१ रोजी तेथे आदळलेल्या एका अशनीने सुमारे १५० मीटर रुंदीचे विवर पाडले आणि त्याचा हादरा इनसाइट यानाने नोंदवला.

भूगर्भातील कोठार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पृथ्वीवर कार्बन कमी आहे, म्हणून ती वाचली, असे नाही. शुक्राच्या हवेशी तुलना व्हावी इतका कार्बन पृथ्वीजवळही आहे. परंतु तो हवेत नसून खडकांत बंदिस्त आहे. पाऊस हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळवून खडकांची झीज करतो, नद्या ते क्षार समुद्रात नेतात आणि तळाशी चुनखडीचे थर साचतात. दुसरीकडे वनस्पती हवेतला कार्बन आपल्या अंगात घेतात आणि गाडल्या गेल्या की कोट्यवधी वर्षांनी त्यांचा कोळसा होतो. पाणी आणि जीवसृष्टी हे दोन कारागीर पृथ्वीला लाभले. शुक्रावरील पाणी बाष्प होऊन निसटले आणि कार्बन हवेतच राहिला. मंगळावर हे काम सुरू होऊन अर्धवट थांबले असावे. क्युरिऑसिटी बग्गीला गेल विवरातील काही खडकांत सिडेराइट हे लोहाचे कार्बोनेट लक्षणीय प्रमाणात आढळल्याचे एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मंगळाच्या जुन्या हवेतला काही कार्बन कोठे गेला, याचा तो माग आहे.

पृथ्वीच्या या दोन्ही तिजोऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात शेजारी शेजारी आहेत, हे या जिल्ह्याचे वैशिष्ट्य. राजुरा आणि कोरपना तालुक्यांतील चुनखडी प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली आहे आणि तिच्यावरच आवाळपूर, गडचांदूर, उपरवाहीचे सिमेंट कारखाने उभे आहेत. बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर, माजरी येथील कोळसा हा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलीतील अरण्यांचा अवशेष. ज्या खडकसमूहाचा तो भाग आहे त्याला आणि पुढे एका प्राचीन महाखंडाला जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी दिलेले 'गोंडवन' हे नाव गोंडांच्या याच भूमीवरून आले आहे.

या तिजोऱ्या आता उघडल्या जात आहेत. शुद्ध चुनखडीच्या एका टनात सुमारे ४४० किलो कार्बन डायऑक्साइड बंदिस्त असतो. सिमेंटच्या भट्टीत तो मोकळा होतो. जळणाऱ्या प्रत्येक किलो कार्बनमागे साडेतीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २,९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र हे राज्यातील या प्रकारचे सर्वांत मोठे सरकारी केंद्र आहे. मुंबई-पुण्यातील दिवे त्याच्या आधारावर लागतात, ही बाब नाकारण्यात अर्थ नाही. मात्र निसर्गाने कोट्यवधी वर्षांत बंद केलेली कोठारे काही दशकांत रिकामी केली जात आहेत, हेही तितकेच खरे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड २०२४ मध्ये सरासरी ४२४ भागांवर पोहोचला.

गंधकाचा प्रश्न

शुक्राचे ढग पाण्याचे नाहीत. ते गंधकाम्लाच्या थेंबांचे आहेत. ज्वालामुखींतून बाहेर पडलेला सल्फर डायऑक्साइड आणि सूर्यप्रकाश यांच्या रासायनिक खेळातून ते तयार होतात. मॅगेलन यानाने १९९१ मध्ये टिपलेल्या रडारचित्रांची पुन्हा छाननी केल्यावर माट मॉन्स या पर्वतावरील एका मुखाचा आकार अवघ्या आठ महिन्यांत बदलल्याचे २०२३ मध्ये स्पष्ट झाले. शुक्रावरील ज्वालामुखी आजही जागे असावेत, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

चंद्रपुरात हाच वायू धुरांड्यांतून बाहेर पडतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच निश्चित केली आणि धुरातील गंधक काढून टाकणारी संयंत्रे बसविण्यास दोन वर्षांची मुदत दिली. ही मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. अखेर जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुतांश केंद्रांना या संयंत्रांतून सूट दिली. अतिप्रदूषित क्षेत्रे आणि हवेची मानके न पाळणारी शहरे यांच्या दहा किलोमीटर परिसरातील केंद्रांबाबत मात्र प्रकरणनिहाय निर्णय होणार आहे. चंद्रपूर नेमके याच गटात मोडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथे होते आणि राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील शहरांतही त्याचा समावेश आहे.

भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि संयंत्रांचा खर्च अखेर वीजग्राहकावर पडतो, हा सरकारचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु सल्फर डायऑक्साइड हवेत गेल्यावर त्याचे सूक्ष्म सल्फेट कण बनतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. वायूची पातळी मर्यादेत दिसत असली, तरी कणांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. खाणी, भट्ट्या आणि राखेचे बंधारे यांच्या मध्ये वसलेल्या शहराला देशाच्या सरासरीचा न्याय लावता येणार नाही. 'प्रकरणनिहाय' या शब्दाचा अर्थ 'कालांतराने सूट' असा होऊ नये, ही येथील नागरिकांची अपेक्षा रास्त आहे.

लाल ग्रह, लाल डोंगर

मंगळाचा लाल रंग हा लोहाच्या गंजाचा आहे. हा गंज कोरड्या हेमेटाइटचा, असे दीर्घकाळ मानले जात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र तो पाणी धारण करणाऱ्या फेरिहायड्राइट या खनिजाचा असल्याचे सुचविले. म्हणजे मंगळ ओला आणि थंड असतानाच गंजला असावा.

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातही हेमेटाइटच आहे. तेथे लोहखनिज आणि गारगोटीचे आलटून पालटून थर असलेला पट्टेदार खडक सापडतो. जगभरातील अशा खडकांपैकी बहुतांश अडीच अब्ज वर्षांच्या आगेमागे समुद्रतळाशी घडले. सूक्ष्मजीवांनी प्रकाशसंश्लेषणातून सोडलेल्या ऑक्सिजनने पाण्यातील लोहाला तळाशी बसविले, ही त्याची मुख्य उपपत्ती. या उपपत्तीनुसार असे डोंगर म्हणजे जीवसृष्टीने ग्रहाची हवा बदलल्याचा दगडी दस्तऐवजच होय.

हा दस्तऐवज आता वेगाने उपसला जात आहे. २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा देण्यात आला. २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन उत्खननास पर्यावरणीय मंजुरी मिळाली आणि २०२५ मध्ये ही मर्यादा आणखी वाढविण्यात आली. कमी प्रतीचे खनिज समृद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी नऊशेहून अधिक हेक्टर वनजमीन वळविण्यास २०२५ मध्येच तत्त्वतः मान्यता मिळाली असून, त्यासाठी लाखाहून अधिक झाडे तोडावी लागणार आहेत. नक्षलवादाने दशकानुदशके मागे ठेवलेल्या जिल्ह्यात रोजगार येतो आहे, हे खरे. परंतु हा डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि परिसरातील अनेक ग्रामसभांनी खाणीस विरोध नोंदविला आहे, हेही विसरता येत नाही.

याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही त्या ग्रामसभेकडे आला. जंगल राखूनही उत्पन्न मिळू शकते, याचे उदाहरण शोधण्यासाठी गडचिरोलीला बाहेर जावे लागत नाही.

तुलनेच्या मर्यादा

येथे एक इशारा आवश्यक आहे. चंद्रपूरचा सारा कोळसा जाळला तरी पृथ्वीचा शुक्र होणार नाही. शुक्रावर समुद्र उडून जाण्याइतकी उष्णता साठण्यास जी परिस्थिती लागली, ती जीवाश्म इंधनाने पृथ्वीवर निर्माण होणे व्यवहारतः अशक्य आहे, असेच विज्ञान सांगते. चंद्रपूरचा उन्हाळाही केवळ तेथील धुरांड्यांमुळे तापत नाही. समुद्रापासूनचे अंतर, कोरडे उत्तर-पश्चिमी वारे आणि उघडी जमीन यांचाही त्यात वाटा आहे. कार्बन डायऑक्साइड साऱ्या जगात मिसळतो. राख आणि गंधक मात्र जवळपास उतरतात. भीती दाखविण्यासाठी या दोन गोष्टींची गल्लत करणे अशास्त्रीय ठरेल.

परंतु संकट येण्यासाठी पृथ्वीचा शुक्र व्हावा लागत नाही. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांपर्यंत गेला होता. तेंदूपत्त्याचा हंगाम याच मे महिन्यातला. रानात पाने तोडणाऱ्या कुटुंबांना, खुल्या खाणीतील मजुरांना आणि पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांना एक-दोन अंशांची वाढही जीवघेणी ठरते. गडचिरोलीच्या सुमारे सत्तर टक्के भूभागावरील जंगल हे या उष्णतेवरचे सर्वांत स्वस्त औषध आहे. परसिव्हरन्स बग्गीवरील मॉक्सी या उपकरणाने मंगळाच्या हवेतून १६ वेळा मिळून एकंदर १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. एका माणसाला दिवसभर श्वास घेण्यासही तो पुरणार नाही. विज्ञानाच्या दृष्टीने हे यश मोठेच. पण जे काम वनस्पतींनी कोट्यवधी वर्षे विनामूल्य केले, त्याची किंमतही त्यातून कळते.

तेव्हा अपेक्षा माफक आहेत. चंद्रपूरच्या केंद्राबाबतचा गंधक-नियंत्रणाचा निर्णय मोजमापांसह जाहीर व्हावा. पर्यायी वनीकरणाच्या नावाखाली दूरच्या उजाड जमिनीवर लावलेली रोपे जुन्या अरण्याच्या बरोबरीची मानली जाऊ नयेत. ग्रामसभेच्या संमतीला कागदोपत्री सोपस्काराहून अधिक वजन असावे. शुक्राची हवा का बिघडली, हे शोधण्यासाठी देश १,२३६ कोटी रुपये खर्च करीत आहे आणि ते योग्यच आहे. चंद्रपूरची हवा का बिघडली, हे शोधण्यासाठी यान पाठवावे लागत नाही. त्याची उत्तरे सरकारी दप्तरात केव्हाची नोंदलेली आहेत.