कंपनीच्या माणसाला सूट, पोटामागे फिरणाऱ्याला दुहेरी कर

मागच्या वर्षी अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी बंगळूरमधली सहा वर्षांची नोकरी सोडून महाराष्ट्रात घरी परतलो. तिथे मी तयार कपड्यांच्या एका लहान कारखान्यात कटिंग मास्टर होतो. सोबत दोन बॅगा, एक शिलाई मशीन आणि जुनी मोटारसायकल आणली. बॅगांना आणि मशीनला कुणी काही विचारले नाही. मोटारसायकलला विचारले.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ४७ सांगते की, एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नवा क्रमांक म्हणजे नव्या राज्याचा कर. गाडी घेताना मी कर्नाटकात जो कर भरला होता त्याचे नावच ‘आजीवन कर’. आजीवन म्हणजे राज्याची हद्द येईपर्यंत, हे मला आता कळले.

उरलेल्या वर्षांचा कर जुने राज्य परत करते, हे खरे. पण आधी नव्या राज्याचा कर भरायचा, मग त्याची पावती आणि नवे नोंदणीपत्र घेऊन जुन्या राज्याच्या दारात उभे राहायचे. मी दोनदा जाऊन आलो. रात्रभराची बस, दिवसभराची रांग, पुन्हा रात्रभराची बस. दुसऱ्या खेपेला खिडकीतून कागद परत आले, एक शिक्का कमी होता म्हणून. जी रक्कम मिळायची होती तिच्याहून जास्त भाड्यात आणि बुडालेल्या रोजात गेली. शेवटी मी नाद सोडला. म्हणजे एकाच गाडीवर, त्याच वर्षांसाठी, दोन राज्यांनी माझ्याकडून कर घेतला आणि दोघांपैकी कुणीही नियमबाह्य वागले नाही.

माझ्या फुप्पूचा मुलगा एका मोठ्या कंपनीत आहे. त्याचीही राज्याबाहेर बदली झाली. त्याच्या गाडीला ‘बीएच’ क्रमांक आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ही भारत मालिका आणली. तीत कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलायचा नाही. याला करमाफी म्हणता येणार नाही, पण दोनदा भरण्यापासून पूर्ण सुटका आहे. योजना चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. माझा आक्षेप तिच्या दारावरच्या पाटीला आहे. सैन्यदलातले, केंद्र आणि राज्य सरकारचे, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी यांना ती खुली आहे. खासगी नोकरदाराला मात्र त्याच्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत अथवा केंद्रशासित प्रदेशांत असतील तरच. माझ्या मालकाचे कार्यालय एका पत्र्याच्या शेडमध्ये होते.

साहेबाने बदली केली तर सवलत, भुकेने बदली केली तर दंड! बेकरीतला कारागीर, वेल्डर, सेंट्रिंगवाला, सुरतेच्या कापड व्यवसायात गेलेला खानदेशी तरुण, फळांची गाडी लावणारा, यांच्या हातात कुणाचे बदलीचे पत्र असणार? हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा मुळीच नाही. पण आपल्या वस्त्यांत नोकरदार कमी आणि हातावर पोट असणारे जास्त, म्हणून आपल्याकडे तो घरोघरी भेटतो.

गंमत पाहा. नाक्यावरच्या करासाठी मराठीत जो शब्द रुळला तो ‘जकात’, म्हणजे आपलीच जकात. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके उठले. बाहेरून वापरासाठी येणाऱ्या मालावर कर लावण्याची राज्यघटनेतली नोंदच काढून टाकली गेली. वाहनांवरचा कर मात्र राज्यांच्या हाती राहिला. ज्या जकातीवरून हे नाव पडले तिच्यात आधी सूट ठरते आणि मग देणे. साडेबावन्न तोळे चांदीच्या निसाबखाली काही नाही. राहते घर, अंगावरचे कपडे, घरातली भांडी, स्वतःच्या वापराचे वाहन यांवर काही नाही. शब्द उचलताना सरकारने ही अर्धी बाजू नाक्याबाहेरच ठेवली.

कुणी म्हणेल, हे धर्माचे झाले, राज्याचा कारभार असा चालत नाही. ठीक आहे, राज्याचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेत बाहेरून आणलेल्या वस्तूच्या वापरावर राज्ये ‘यूज टॅक्स’ लावतात. वॉशिंग्टन राज्याने १९३५ मध्ये तो २ टक्के लावला आणि त्याच कायद्यात तरतूद केली की, दुसऱ्या राज्यात भरलेला विक्री किंवा वापर कर यातून वजा होईल. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९३७ मध्ये कर टिकला. वजावट देणारी खिडकी आणि कर घेणारी खिडकी एकच होती, हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

दुसरी बाजूही आहे. महागड्या मोटारी पुदुच्चेरीत नोंदवून दुसऱ्या राज्यांत फिरवणारे धनिक आपण पाहिलेत. त्यांना अडवायलाच हवे. पण त्यांच्यासाठी टाकलेल्या जाळ्यात दहा वर्षांची शंभर सीसीची गाडी अडकते, आणि ते मात्र वकील लावून निसटतात. किमतीची आणि गाडीच्या वयाची एक मर्यादा घातली की दोघे वेगळे करता येतात.

मागणी एवढीच. एक, जुन्या राज्यातला शिल्लक कर नव्या राज्याने त्याच दिवशी, त्याच खिडकीवर वजा करावा. राज्यांनी आपापसातला हिशेब नंतर करावा. बहुतेक राज्यांची नोंदणी ‘वाहन’ या एकाच संगणक प्रणालीवर आहे, तेव्हा माहिती नाही ही सबब चालणार नाही. दोन, भारत मालिका दुचाकीवाल्यांना स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर मिळावी. तीन, स्थलांतर करणाऱ्याची जुनी दुचाकी या दुसऱ्या करातून वगळावी.

आता थोडे आपल्याविषयी. मोहल्ल्यात हा विषय काढला की पहिला सल्ला मिळतो, “भाईजान, दलालाला पैसे दे आणि मोकळा हो.” दुसरा सल्ला, जुन्याच पाटीवर फिरत राहा, पोलिसाने धरले तर बघू. मीही चार महिने तसाच फिरलो, कबूल करतो. या दोन्ही वाटांनी नियम जसाच्या तसा राहतो आणि पुढच्याला पुन्हा तिथेच अडवतो. अर्ज लिहायला आपण कंटाळतो, आणि नंतर आपले कुणी ऐकत नाही म्हणतो.

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर मी एक वही घेऊन बसलो. परराज्यातून परतलेल्या अकरा जणांनी गाडीचा क्रमांक, कुठे किती कर भरला आणि परतावा मिळाला की नाही हे लिहून दिले. परतावा एकालाही मिळालेला नाही. वही पुढच्या महिन्यात आमदारांकडे जाईल. तुमच्या पावत्या असतील तर त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा.