गुंठा आणि आर

लोणंदच्या बाजारात कांदा क्विंटलने जातो आणि क्विंटल म्हणजे १०० किलो, हे लहान पोरालाही पाठ असते. शेर, पायली, मण ही मापे आता म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली. तोळा तेवढा टिकला, पण तोही बारीक होऊन. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतो. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. तरी जमिनीचे बोलणे अजून गुंठ्यात आणि लिहिणे आरमध्ये चालते. फसगत होते ती इथेच.

बंधू-भगिनींनो, ३३ फूट लांब नि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. "दोन्ही एकच हो," असे एजंट सांगतो. एका गुंठ्यापुरते ते चालून जाईल. पण पैसे एकराचे मोजले आणि खरेदीखतात ४० आर लिहिले, तर ५०४ चौरस फूट गेले. तेवढ्यात आपल्या माणसाचे दोन खोल्यांचे घर होते!

सातबाऱ्यावर क्षेत्र ०.५०.५९ असे असते. पहिला आकडा हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. ०.०५.०० म्हणजे पाच आर आणि ०.५०.०० म्हणजे पन्नास. शून्य कुठे आहे ते बोट ठेवून पाहावे.

आपल्याकडे वतनी जमिनींच्या वाटणीत हा घोळ फार. महार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. आजोबांच्या कागदावर एकर-गुंठे, हिस्सा आण्यात आणि नव्या उताऱ्यावर आर. समजा जमीन १ एकर १० गुंठे आणि वारस चार, दोन भाऊ नि दोन बहिणी (बहिणींचे नाव गाळू नका, त्यांचाही हक्क आहे). प्रत्येकाला चार आणे, म्हणजे साडेबारा गुंठे. त्याचे १२६५ चौरस मीटर होतात. कोणी साडेबारा आर लिहून दिले, तर १२५०च मिळतील. दीडशे चौरस फुटांहून जास्त जागा कागदावरच गेली.

म्हणून गुंठ्यांना १०१.१७ ने गुणावे आणि येणारे चौरस मीटर वाटणीपत्रात लिहून घ्यावेत. हिशेब जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवावे. सही किंवा अंगठा त्यानंतर.